जिम कॅरीचा 'ग्रिंच' मनापासून आवडणारं इथे कोणी आहे का?

रानजाई

नमस्कार मंडळी. हा धागा काढायचं बरेच दिवस डोक्यात होतं. परवा शेजारच्या धाग्यावर नाताळच्या सिनेमांची यादी चालली होती, तिथे मी ग्रिंचचं नाव घेतलं तर लगेच दोघातिघांनी विचारलं, 'जुना कार्टूनवाला ना?' मी म्हटलं नाही, २००० सालचा, रॉन हॉवर्डचा, जिम कॅरीवाला. त्यावर कोणीच काही बोललं नाही आणि गाडी पुढच्या सिनेमावर गेली. तेव्हाच ठरवलं की यावर नीट लिहायचं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. डॉ. स्यूसचं मूळ पुस्तक १९५७ चं. हूव्हिल नावाच्या गावात हू लोक राहतात, त्यांना ख्रिसमसचं प्रचंड वेड, आणि वर डोंगरावरच्या गुहेत एकटा राहणाऱ्या ग्रिंचला त्याचा तितकाच राग. तो एका रात्रीत सगळ्या गावाचा ख्रिसमस चोरतो, म्हणजे भेटवस्तू, झाडं, खाणं, सगळंच, तरी सकाळी खाली गाणं सुरू होतं. ते ऐकून त्याचं दोन मापं लहान असलेलं काळीज तीन मापांनी मोठं होतं. बस्स एवढीच गोष्ट. १९६६ मध्ये चक जोन्सने त्याची २६ मिनिटांची ॲनिमेशन फिल्म केली, बोरिस कार्लॉफच्या आवाजात, आणि अमेरिकेत ती पिढ्यानपिढ्या दर डिसेंबरला बघतात. मग नोव्हेंबर २००० मध्ये खऱ्या माणसांचा हा पावणेदोन तासांचा सिनेमा आला. त्या वर्षी अमेरिकेत सगळ्यात जास्त धंदा यानेच केला, २६ कोटी डॉलर, पण समीक्षकांनी धुतला. रॉजर एबर्टने चारपैकी दोन स्टार दिले. मेकअपचं ऑस्कर मिळालं आणि त्याच वर्षी रॅझीच्या, म्हणजे वाईट सिनेमांना थट्टेने देतात त्या पुरस्कारांच्या, यादीतही नाव आलं, एकदा वाईट पटकथा म्हणून आणि एकदा वाईट रिमेक म्हणून. आजही कुठे या सिनेमाचं नाव काढलं की 'मूळ गोष्टीची वाट लावली' हे वाक्य येतंच.

मला मात्र तो ज्या गोष्टीसाठी आवडतो, नेमक्या त्याच गोष्टीसाठी लोक त्याला नावं ठेवतात. ती म्हणजे ग्रिंचचं बालपण.

पुस्तकात ग्रिंच असा का आहे ते कोणालाच ठाऊक नाही, लेखक म्हणतो कारण विचारू नका. सिनेमा कारण विचारतो, आणि ते विचारायला लावतो एका सहा वर्षांच्या मुलीला, सिंडी लूला. ती गावातल्या मोठ्यांना भेटत फिरते, हातात रेकॉर्डर घेऊन, आणि मग आपल्याला शाळेचा तो प्रसंग दिसतो. वर्गात सगळे एकमेकांना भेटी देणार आहेत, छोट्या ग्रिंचला मार्था मे आवडते म्हणून तो घरच्या जुन्या वस्तू वितळवून तिच्यासाठी स्वतःच्या हाताने एक परी बनवतो. पण त्याच दिवशी वर्गातल्या ऑगस्टसने सगळ्यांसमोर त्याला दाढी आहे म्हणून चिडवलेलं असतं. तर हा पोरगा घरी वस्तरा घेतो. दुसऱ्या दिवशी वर्गात डोक्यावर कागदी पिशवी घालून येतो, बाई पिशवी काढायला लावतात, आणि खाली सगळा चेहरा कापलेला, जागोजागी कपटे चिकटवलेले. अख्खा वर्ग हसतो, बाईसुद्धा. एकटी मार्था हसत नाही, पण तिच्याकडे बघायला तो थांबतच नाही.

मी पहिल्यांदा बघितला तेव्हा आठवीत होते आणि ओठावर लव आली म्हणून वर्गात दोन मुलं मला मिशीवरून काहीतरी म्हणायची. ते काय म्हणायचे ते इथे लिहीत नाही. त्या प्रसंगाला मी उठून आतल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं होतं. तेव्हापासून मला या सिनेमाबद्दल कोणी 'भडक आहे, गोंगाट आहे' असं म्हटलं की मी ऐकून घेते, पण आतून मला माहितीये की त्या गोंगाटाच्या मधोमध ती कागदी पिशवी आहे.

आणि पुढचं बघा. वर्षं जातात, सिंडी लूच्या हट्टामुळे गाव ग्रिंचला उत्सवाचा मानकरी म्हणून खाली बोलवतं, तो बिचारा येतो, खेळतो, खातो, हळूहळू मजाही येत असते त्याला. आणि तोच ऑगस्टस, आता मेयर झालेला, सगळ्यांसमोर त्याला भेट देतो. काय देतो? दाढीचं मशीन!! जिम कॅरीचा तोंडभर रबर लावलेला चेहरा त्या एका क्षणात आठ वर्षांच्या मुलाचा होतो. मी तो सीन दर वर्षी बघते, दर वर्षी पोटात गोळा येतो.

तर, आवडणारं कोणी आहे का? नावडत असेल तर तेही लिहा, पण का ते लिहा प्लीज.

चांदणचुरा

मी! मी आहे! +१००

किती बरं वाटलं हे वाचून. आमच्याकडे दर २४ डिसेंबरला लागतोच. माझी लेक आता अकरा वर्षांची आहे, तिला डायलॉग पाठ आहेत. तिचा सगळ्यात लाडका सीन म्हणजे आमंत्रण आल्यावर ग्रिंच जाऊ की नको करत स्वतःचं दिवसभराचं टाइमटेबल वाचतो तो. चार वाजता स्वतःची कीव करायची, साडेचारला पोकळीकडे टक लावून बघायचं, पुढे स्वतःबरोबर जेवायचं आणि ते आता पुन्हा रद्द करता येणार नाही वगैरे. लेक खदाखदा हसते. मी पूर्वी हसायचे. घटस्फोटानंतरच्या पहिल्या नाताळात लेक तिच्या बाबाकडे होती आणि मी एकटीने हा सिनेमा लावला होता, तेव्हा त्या सीनला हसू आलं आणि मग हुंदका आला, दोन्ही एकदमच. सणाच्या दिवशी एकट्या माणसाचा दिवस असाच जातो हो, तासातासाला काहीतरी ठरवावं लागतं नाहीतर संध्याकाळ होतच नाही.

जुनापिंपळ

रानजाई, तुम्ही नावडणाऱ्यांनाही बोलावलंत म्हणून लिहितो. मला हा सिनेमा आवडत नाही, आणि त्याचं कारण गोंगाट नाही.

मूळ गोष्टीचा सगळा जीव एका जागी आहे. हू लोकांचं सगळं नेलं, तरीही सकाळी ते हातात हात धरून गातात. त्यांना काही शिकावं लागत नाही, त्यांना ते आधीपासून माहीत आहे. त्यांच्या त्या सहज गाण्यामुळेच ग्रिंच हादरतो. तुमच्या सिनेमात हू लोक कसे आहेत? खरेदीला चेकाळलेले, शेजारणीपेक्षा आपल्या घरावर जास्त दिवे लागले पाहिजेत म्हणून जीव टाकणारे, नाक वर करून चालणारे. मग सकाळी त्यांनी गायलं काय नि न गायलं काय, त्याला वजन राहत नाही. शिवाय २६ मिनिटांत जे पूर्ण होतं ते पावणेदोन तासांत ताणायचं म्हणजे भर घालावी लागते, आणि त्या भरीत मुलांसमोर नको असलेले विनोदही येतात.

जोन्सच्या फिल्ममध्ये ग्रिंचचं ते हसू गालांवरून हळूहळू वर चढत जातं, तेवढ्या चार सेकंदांत तो माणूस कळतो. त्याला बालपण द्यायची गरजच नाही पडत. दुष्टपणाला कारण दिलं की तो लहान होतो असं मला वाटतं.

आणि त्या फिल्ममधलं ते 'यू आर अ मीन वन, मिस्टर ग्रिंच' गाणं! थर्ल रेव्हनस्क्रॉफ्टचा तो पाताळातून आल्यासारखा आवाज. त्याचं नाव श्रेयनामावलीत राहून गेलं आणि लोकांना वाटलं कार्लॉफच गातोय. स्यूसने स्वतः नंतर पत्रं लिहून ती चूक सांगायचा प्रयत्न केला होता.

रानजाई

जुनापिंपळ, इतकं नीट लिहिलंत, धन्यवाद. गाण्याबद्दल शंभर टक्के मान्य, त्या आवाजाला तोड नाही. सिनेमात कॅरी स्वतः गातो ते मलाही नंतर कधी आठवत नाही.

हू लोकांबद्दल मात्र माझं वेगळं मत आहे. पुस्तकात एकटा ग्रिंच बदलतो. सिनेमात गावालाही बदलावं लागतं, आणि मला हे जास्त खरं वाटतं, कारण एखादं मूल डोंगरावर पळून जातं तेव्हा खाली राहिलेल्या सगळ्यांचा त्यात काहीतरी हात असतो. त्या दिवशी हसलेला वर्ग आता मोठा होऊन गाव चालवतोय. त्या गावाला तसंच निर्मळ गाऊ दिलं असतं तर माझ्यासारखीला ते पटलं नसतं. चोरी झाल्यावर मेयर सगळा दोष सिंडी लूवर ढकलतो, आणि मग तिचे बाबा, जे आख्ख्या सिनेमात बावळट दाखवलेत, ते पुढे येतात आणि सांगतात की भेटी गेल्या तर गेल्या, माझी माणसं इथे आहेत. त्यानंतर गाणं सुरू होतं. म्हणजे गाण्याच्या आधी एका माणसाला सगळ्यांसमोर उभं राहून बोलावं लागलं. माझ्या वर्गात कोणी तसं उभं राहिलं असतं तर, एवढाच विचार येतो मनात.

आणि अजून एक. मेयरच्या भेटीनंतर ग्रिंच भडकून जे बोलतो ते तुम्ही पुन्हा ऐकाल का? तो म्हणतो की तुमच्या या भेटींचं शेवटी काय होतं ते मला माहितीये, सगळा कचरा नळीतून माझ्याकडेच येतो. तो राहतोच गावाच्या उकिरड्यावर! त्याच्या गुहेतली एकूणएक वस्तू गावाने टाकून दिलेली आहे. लोकांनी काय टाकलं हे ज्याला रोज दिसतं त्याचा सणावर राग असणारच ना.

रबरी_मुखवटा

मी नाटकासाठी रंगभूषा करतो, त्यामुळे मला या सिनेमाबद्दल बोलताना थांबवावं लागतं, आधीच सांगून ठेवतो.

रिक बेकरचं काम आहे हे. स्टुडिओच्या मनात आधी असं होतं की कॅरीचा चेहरा ओळखू यायला हवा, तेव्हा नुसता हिरवा रंग लावून भागवू. बेकरने ते ऐकलं नाही, तो पूर्ण चेहऱ्याच्या मागे लागला आणि त्याचंच खरं ठरलं. अंगावरचा सूट याकच्या केसांचा, हिरवे रंगवून अंगाबरोबरच्या ताणल्या जाणाऱ्या कापडावर शिवलेले. पहिल्या दिवशी मेकअपला साडेआठ तास लागले आणि कॅरीने बाहेर येऊन सांगितलं की मला हे जमणार नाही, मी पैसे परत करतो. मग निर्मात्याने असा एक माणूस आणला जो गुप्तहेरांना छळ सहन कसा करायचा ते शिकवायचा, त्याने कॅरीला युक्त्या शिकवल्या, की असह्य झालं की लक्ष दुसरीकडे कसं वळवायचं वगैरे. पुढे रोजचा मेकअप तीनएक तासांवर आला तरी तो प्रकार त्याने ९० हून जास्त वेळा केला.

चेहऱ्यावर फोम लेटेक्सचे तुकडे चिकटवले की नटाचा अर्धा अभिनय त्यातच मरतो. भुवई अर्धा इंच उचलली तर बाहेर जेमतेम हलल्यासारखी दिसते. म्हणजे बाहेर नेमकं दिसायला आत दुप्पट करावं लागतं. लोक म्हणतात कॅरी फार ओव्हरॲक्टिंग करतो, मी म्हणतो त्या रबराखालून एवढं बाहेर आणायला किती ताकद लागत असेल. आणि डोळ्यांत ते मोठ्ठे पिवळे लेन्स, इतके टोचायचे की काही शॉट्समध्ये ते न घालता नंतर कॉम्प्युटरवर रंग भरलाय.

रोज त्याला तो चेहरा चढवणारा माणूस काझुहिरो त्सुजी. कॅरी इतका वैतागलेला असायचा की त्सुजीला ते काम मध्येच सोडावं लागलं, मग तो परत आला. त्याला खूप त्रास झाला त्याचा, पुढे काही वर्षांनी त्याने सिनेमाच सोडला आणि शिल्पं करू लागला. नंतर परत येऊन 'डार्केस्ट अवर'साठी गॅरी ओल्डमनचा चर्चिल केला आणि ऑस्कर घेतलं. त्यामुळे मी ग्रिंच बघतो तेव्हा कॅरीचा त्रास आठवतो तसा समोर ब्रश धरून उभ्या असलेल्या माणसाचाही आठवतो.

अबोली१२

बाप रे रबरी_मुखवटा, हे माहीतच नव्हतं. त्सुजीबद्दल वाचून वाईट वाटलं.

रानजाई, तू छोट्या ग्रिंचबद्दल लिहिलंस म्हणून सांगते. तो मुलगा मुलगा नव्हता. जोश रायन इव्हान्स नावाचा नट, शूटिंगच्या वेळी सतरा-अठरा वर्षांचा. त्याची वाढ जन्मापासूनच्या एका आजारामुळे थांबलेली होती. २००२ मध्ये, विसाव्या वर्षी तो गेला. मला हे कळल्यावर मी तो वर्गाचा सीन पुन्हा लावला. पिशवी काढल्यावर तो एक क्षण नुसता उभा असतो, हातात ती परी, आणि लोक का हसतायत हे त्याला हळूहळू कळत जातं. हसणाऱ्यांसमोर कसं उभं राहायचं हे त्याला कोणी शिकवावं लागलं नसेल असं वाटत राहिलं मला. तेवढ्या दोन-तीन मिनिटांचं काम आहे त्याचं, पण सिनेमाचा पाया तोच आहे.

टिवल्याबावल्या

मला आवडतो पण माझं कारण साधं आहे, कुत्रा. मॅक्स. खरा कुत्रा आहे हे किती महत्त्वाचं आहे! आता केला असता तर कॉम्प्युटरवर बनवला असता. ग्रिंच त्याला लाल नाक लावून रेनडिअर बनवतो आणि टोपी घालून डिरेक्टरसारखा त्याला रोल समजावून सांगतो, तू कोण आहेस, तुझं दुःख काय आहे, तो सीन म्हणजे कळस. ती रॉन हॉवर्डचीच नक्कल आहे म्हणे. आणि मॅक्सचा चेहरा बघा, तो खरंच ऐकतोय असं वाटतं.

निवांत_नदी

माझा प्रश्न जरा प्रॅक्टिकल आहे. पाच वर्षांच्या मुलाला दाखवावा का? मागे एकदा लावला होता तर सुरुवातीला ग्रिंच एकदम तोंड पुढे काढतो त्याला तो इतका घाबरला की दोन रात्री दिवा लावून झोपला.

चांदणचुरा

निवांत_नदी, पाच म्हणजे लहानच. माझी लेक सात वर्षांची होईपर्यंत मी थांबले होते. तोपर्यंत जुनी २६ मिनिटांची फिल्म लाव, आणि २०१८ चा ॲनिमेशन सिनेमाही आहे, बेनेडिक्ट कंबरबॅच ग्रिंचचा आवाज. तो एकदम मऊ आहे, त्यातला ग्रिंच अनाथ आहे आणि एकटा पडलाय म्हणून चिडचिडा. मुलांना चालतो. मला त्यात दात नाहीत असं वाटलं, पण तो माझा प्रॉब्लेम. आणि मोठ्या सिनेमाला बसवशील तेव्हा आधी मेकअप कसा करतात त्याचे व्हिडिओ दाखव, कॅरी खुर्चीत बसलाय आणि हळूहळू हिरवा होतोय. आम्ही तसंच केलं, भीती निघून गेली.

मात्राभंग

उशिरा आलो धाग्यावर. सिनेमाबद्दल फार बोलत नाही, एकदाच बघितलाय. पण पुस्तकाच्या छंदाबद्दल एक गोष्ट सांगायचीच आहे, कारण ती मला सापडली तेव्हा मी खुर्चीतून उठलो होतो.

स्यूस बहुतेक जागी दोन हलके एक जड अशा चालीत लिहितो, ओळीत चार वेळा. टटटा टटटा टटटा टटटा. इंग्रजीत ते आघातावर चालतं, आपल्याकडे लघु-गुरूवर, पण कानाला चाल तीच. आता ल ल गा म्हणजे आपला स गण. ओळीत चार स गण म्हणजे कोणतं वृत्त? तोटक! बारा अक्षरांचं, शंकराचार्यांच्या शिष्याने ज्यात स्तोत्र रचलं तेच. म्हणजे ग्रिंचची गोष्ट मराठीत आणायची झाली तर वृत्त शोधायला कुठे जायलाच नको, ते आपल्या घरात हजारभर वर्षं पडून आहे.

सिनेमात अँथनी हॉपकिन्स निवेदन करतो तिथे ही चाल ऐकू येते. बाकी पात्रं मध्येच यमकात बोलतात आणि मध्येच साधं बोलतात, तिथे माझा ठेका तुटतो. माझी खरी तक्रार एवढीच.

जुनापिंपळ

मात्राभंग, क्या बात है! तोटक! हे मला कधीच सुचलं नव्हतं आणि मी ती फिल्म चाळीसेक वेळा बघितली असेन.

रानजाई, तुमचं कचऱ्याचं म्हणणं मी दोन दिवस डोक्यात घोळवतोय. पुस्तकात ग्रिंच स्वतः सांगतो की हा गोंगाट मी ५३ वर्षं सहन केलाय. पुस्तक आलं तेव्हा स्यूसही ५३ चाच होता. म्हणजे लेखकाला स्वतःलाच सणाच्या त्या बाजाराचा वीट आला होता, तो काही परक्या राक्षसाची गोष्ट सांगत नव्हता. त्या अंगाने बघितलं तर उकिरडा मूळ गोष्टीतही कुठेतरी होताच, त्याने तो दाखवला नाही इतकंच. तरी मला तो न दाखवलेलाच आवडतो.

रानजाई

अय्या ५३ चं हे किती भारी आहे! धन्यवाद. आणि न दाखवलेला आवडणं मला कळतं, खरंच कळतं. पुस्तकात तर तो हिरवाही नाही ना, काळा-पांढरा आणि मध्ये लाल-गुलाबी. हिरवा केला तो चक जोन्सने. म्हणजे ज्याला आपण मूळ म्हणतो त्यातही कोणीतरी हात घातलाच होता, आणि तो हात चांगला निघाला.

अबोली, जोश रायन इव्हान्सबद्दल मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं बघतेय आणि नाव कधी वाचलं नाही शेवटी. काल रात्री मुद्दाम क्रेडिट्स थांबवून वाचलं.

क्रेडिट्सवरून आठवलं, संगीताबद्दल कोणीच बोललं नाही अजून! जेम्स हॉर्नर आहे, 'टायटॅनिक'वाला. सिंडी लू रात्री एकटी खिडकीशी ख्रिसमस हरवलाय म्हणून गाते ते गाणं त्याचं, विल जेनिंग्ज आणि मरायह कॅरीबरोबर केलेलं. टेलर मॉमसेन तेव्हा सहा-सात वर्षांची, आवाज काठावरून पडेल असा, आणि कोणी तो सुधारायचा प्रयत्न केलेला नाही. ती पुढे रॉक बँडची गायिका झाली. आता तिचा आवाज ऐकला की विश्वास बसत नाही की हीच ती, डोक्यावर वेण्यांचा बुरूज असलेली.

आणि शेवटची घसरगाडी! भेटींनी भरलेली गाडी कड्यावरून खाली जायला लागते, ग्रिंचचं काळीज मोठं झालेलं असतं तरी तो सुरुवातीला म्हणतो की जाऊ दे, नुसती खेळणीच आहेत. मग वर बघतो तर ढिगावर सिंडी लू बसलेली. तेव्हा त्याच्या अंगात बळ येतं. जोन्सच्या फिल्ममध्ये तो वस्तू वाचवतो, इथे मुलगी वाचवतो. जुनापिंपळ, हा बदल तरी तुम्हाला आवडायला हवा!

जुनापिंपळ

हा आवडला. हा एक देतो तुम्हाला.

मुक्कामपोस्ट

सगळा धागा एका बैठकीत वाचला. मी या सिनेमाला शिव्या घालणाऱ्यांतला होतो, खरं तर कॉलेजमध्ये सगळे घालायचे म्हणून मीही घालायचो, पूर्ण बघितलेला नव्हताच. रबरी_मुखवटा यांचं वाचून काल लावला. अजूनही मला मधला अर्धा तास फार लांब वाटला आणि कॅमेरा सारखा तिरका का ठेवलाय ते कळलं नाही. ग्रिंच टेबलक्लॉथ ओढतो तो सीन मात्र तीनदा मागे नेऊन बघितला. सगळी भांडी जागच्या जागी राहतात आणि मग तो वळून येतो आणि हाताने पाडतो, कारण न पडणं त्याला सहनच होत नाही. बायकोने विचारलं एवढं काय आहे त्यात, मी म्हटलं ये, बस, दाखवतो. तिने शेवटपर्यंत बघितला. आज ती मला विचारत होती की मार्था मेने इतकी वर्षं ती परी जपून ठेवली होती का. मला आठवेना. कोणी सांगेल का?

अबोली१२

मुक्कामपोस्ट, माझ्या आठवणीत ते नक्की नाही, पण मार्था तिच्या घरी सिंडी लूशी बोलताना ग्रिंचचं नाव निघाल्यावर जशी हरवते ना, तिथे क्रिस्टीन बारान्स्कीच्या चेहऱ्याकडे बघायला सांगा त्यांना. आज रात्री पुन्हा बघून परीचं सांगते.

मात्राभंग

परवा लिहिल्यापासून तोटक डोक्यातून जात नव्हतं. पुस्तकाचा अनुवाद नाही हा, रानजाई यांनी सांगितलेल्या सिनेमातल्या प्रसंगावरच्या माझ्याच चार ओळी आहेत. सिंडी लू आमंत्रण द्यायला डोंगर चढून जाते तो प्रसंग. चुकलं असेल तर सांगा.

हिरवा हिरवा शिखरावरती
कुढतो, चिडतो, रडतो, पण ती
चिमणी मुलगी वदली चढुनी,
'चल ना, सगळे बसले जमुनी.'

रानजाई

मात्राभंग!!! मी मोठ्याने म्हणून बघितलं, ठेका अगदी तोच लागतो. 'पण ती' पाशी ओळ तुटते ना, तिथे तर मी थांबलेच. पुढच्या ओळी लिहा ना. दाढीच्या मशीनपर्यंत तरी आणा.